जोतीराव फुले नास्तिक होते का?

नाही, जोतीराव फुले नास्तिक नव्हते. हे जग निर्माण करणारी एकच शक्ती आहे असं ते ठामपणे मानत आणि तिला ‘निर्मिक’ म्हणत. याचा भक्कम पुरावा त्यांच्याच ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात सापडतो. १८८८ साली अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी तो डाव्या हाताने लिहून पुरा केला आणि त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये, तो छापला गेला. प्रश्नोत्तरांच्या रूपातल्या या पुस्तकात निर्मिकाला फुलं वाहावीत का, असाही प्रश्न येतो. जोतीरावांचं म्हणणं, फुलं त्याने माणसांसाठी केली आहेत, ती त्यालाच परत कशाला वाहायची? मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एका कुटुंबाचा दाखला: बायकोने बौद्ध, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी व्हावं, आणि तरी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एका घरात राहावं. एकोणिसाव्या शतकात हे लिहायला केवढी छाती लागली असेल!

मात्र ‘आस्तिक’ म्हणजे मूर्तिपूजा, अवतार, पोथी आणि भटजी मानणारा असा अर्थ घेतलात, तर ते त्यात बसत नाहीत. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हा जोतीरावांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा पायाच होता. म्हणून १८७३ पासून त्यांनी पुरोहिताशिवाय लग्नं लावली. आणि निर्मिकावर त्यांचा ठाम विश्वास होता, म्हणून अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणाऱ्या, समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या रांगेत त्यांना बसवणंही चूक आहे.