शिक्षा भोगून आलेला भाडेकरू आणि घरभाड्यावरचा कर

प्रश्न: सोलापुरात साखर पेठेत घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या आहेत. यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ चार हजार भाडं आणि वीस हजार अनामत द्यायला तयार आहेत. ते शिक्षा भोगून आले आहेत. अशांना घर दिलं तर आयकरात सूट मिळते म्हणे. कोणत्या कलमाखाली? आणि पोलिसांची परवानगी लागते का?

उत्तर: अशी सूट आपल्याकडे नाही. भाडेकरू पूर्वी कुठे होता, हे आयकर खातं विचारतच नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने वर्षभरात तुरुंगातून सुटलेल्याच्या पहिल्या ६,००० डॉलर पगारावर ३५ टक्के, म्हणजे २,१०० डॉलरपर्यंत करसवलत ठेवली. पण ती त्याला कामावर घेणाऱ्याला, घर देणाऱ्याला नव्हे. ऐकीव गोष्ट तिथूनच फिरत आली असावी.

तुम्हाला मिळेल ती सगळ्याच घरमालकांची ३० टक्के वजावट. वर्षाचं भाडं ४८,००० आणि घरपट्टीतला या खोल्यांचा वाटा ३,००० धरला, तर उरलेल्या ४५,००० वर १३,५०० वजा होतात आणि ३१,५०० उत्पन्नात मिळवायचे. लोक चुकतात ते इथे: ३० टक्के आधी काढतात आणि घरपट्टी नंतर. घरपट्टी त्याच वर्षी स्वतः भरलेली हवी, न भरलेली धरता येत नाही. रंगरंगोटीची, नळदुरुस्तीची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत, ती त्या ३० टक्क्यांतच आली. ही वजावट नव्या करप्रणालीतही आहे. आणि पेन्शन, व्याज, भाडं मिळून १२ लाखांच्या आत असाल, तर त्या प्रणालीत २०२५-२६ पासून कर शून्यच होतो. मग सूट असती तरी कशातून वजा करणार?

परवानगी लागत नाही, माहिती द्यावी लागते. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असताना ती न देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा आहे. तोंडी सांगून येऊ नका, पोच घ्या. ज्या शहरात सेटलमेंटचं, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याखाली लोकांना कोंडलेल्या वसाहतीचं, तारेचं कुंपण १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही लोकांच्या डोक्यातून गेलं नाही, तिथे शेजारी कुरकुरणारच. त्यांच्या संमतीची गरज नाही. विचारायचं ते एवढंच: शिक्षा पूर्ण झाली आहे, की जामिनावर किंवा पॅरोलवर आहात? जामिनावर असतील तर पत्ता बदलल्याचं न्यायालयाला कळवलंय का? सोलापूर जिल्ह्यातून तडीपारी तर नाही ना? तडीपारी दोन वर्षांपर्यंत असू शकते आणि ती चालू असेल तर घर देऊच नका.

अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' (ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) करार नोंदवाच. नोंदणीची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने तुमच्यावर टाकली आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. भाडं आणि अनामतीवरचं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. तुमच्या बाबतीत ते दोनशेच्या पलीकडे जात नाही. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

प्रश्न: 'पुन्हा गुन्हा दाखल झाल्यास तत्काळ खोली सोडावी' अशी अट घालू का?

उत्तर: नको. नुसता गुन्हा दाखल होणं म्हणजे दोष सिद्ध होणं नाही, आणि अट घातली तरी सामान बाहेर काढून कुलूप लावण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस ठेवा. मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि खोली सोडेपर्यंतच्या काळासाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते.