‘अकापेला’तला ‘अ’ नकाराचा नाहीये

प्रश्न असा होता की व्हान कान्टो या जर्मन बँडचा ‘हीरो’ अल्बम अकापेला मेटल म्हणून ओळखला जातो (मेटल म्हणजे हेवी मेटल, दणदणीत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सवालं रॉक संगीत), तर अकापेला म्हणजे अ + कापेला, म्हणजे ‘वाद्य नसलेलं’ असं समजायचं का, आणि असेल तर त्यात ड्रम्स कसे काय? शिवाय मराठीत याला काय म्हणायचं?

आधी तो ‘अ’. आपल्याला अयोग्य, अशक्य, अबोल यांची इतकी सवय आहे की समोर अ दिसला की नकारच वाटतो, आणि योगायोगाने अर्थही ‘वाद्याविना’ निघतो त्यामुळे गैरसमज अगदी फिट्ट बसतो. पण शब्द इटालियन आहे, आ काप्पेल्ला, आणि तिथला आ म्हणजे ‘च्यासारखं, च्या पद्धतीने’. काप्पेल्ला म्हणजे चॅपेल, छोटं प्रार्थनाघर. म्हणजे शब्दशः ‘चॅपेलात गातात तसं’. यात वाद्य हा शब्दच नाही!

आता काप्पेल्लाची गंमत अजून मागे जाते. लॅटिनमध्ये काप्पा म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, आणि काप्पेल्ला म्हणजे छोटा झगा. चौथ्या शतकातल्या संत मार्टिनची कथा आहे, रोमन सैन्यात असताना थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा अर्धा कापून दिला. पुढे तो झगा पवित्र अवशेष म्हणून फ्रँक राजांकडे (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागावर राज्य करणारे) जपला गेला, तो जिथे ठेवायचे त्या जागेला झग्याचंच नाव पडलं, आणि सांभाळणारा तो चॅप्लेन, म्हणजे चॅपेलचा पाद्री. गोव्यातले वाचक असतील तर त्यांनी हा शब्द रोज ऐकलाय, वाड्यावरचं, म्हणजे वस्तीतल्या छोट्या चॅपेलचं नाव ‘कोपेल’ पोर्तुगीज कापेलावरून आलेलं, म्हणजे अकापेला आणि कोपेल सख्खी भावंडं. (इंग्रजी केप आणि कॅप पण त्याच घरातले.)

चॅपेलात वाद्यं अजिबात नसायची असंही नाही बरं का, जुन्या बहुस्वरी गायनात (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गाणं) वाद्यं गायकांच्याच ओळी त्यांच्याबरोबर वाजवायची. ‘वाद्यं नाहीतच’ हा कडक अर्थ एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. त्यामुळे ड्रम्स असताना अकापेला म्हणावं का यावर कोणी भांडत असेल तर आजच्या अर्थाने त्याचं बरोबर आहे, ‘हीरो’च्या वेळी व्हान कान्टोत पाच गाणारे आणि एक खराखुरा ड्रमर होता. पण माझ्या मते जात्यावरची ओवी आठवा, तिला जात्याची घरघर असतेच, म्हणून तिला कोणी वाद्यसंगीत म्हणत नाही.

आणि मराठीत शब्द का नाही याचं उत्तरही मला तिथेच दिसतं. ओवी, पाळणा, अंगाई, हे सगळं नुसत्या गळ्यावरच चालायचं, जे रोजचंच आहे त्याला वेगळं नाव कोण देतं? ‘वाद्यविरहित गायन’ ही व्याख्या झाली, शब्द नाही, परीक्षेच्या पेपरात शोभेल. बोलताना ‘नुसत्या गळ्यावर’ छान आहे, नाहीतर सरळ अकापेला, जोडून लिहा म्हणजे तो अ एकटा पडून फसवणार नाही. हेवी मेटलचं मात्र कृपा करून भाषांतर नको, जड धातू म्हणजे शिसं आणि पारा.

पण मला खरा रस आहे तो त्यांच्या एका शब्दात, ‘रक्कातक्का’. 2008 च्या ‘हीरो’वर आयर्न मेडनचं ‘फिअर ऑफ द डार्क’, नाइटविशचं ‘विशमास्टर’ अशी दुसऱ्या मेटल बँडांची गाणी आहेत, ती मुळात गिटारवाली, आणि इथे गिटारच नाही, मग ते रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे, तोंडाने रक्कातक्का रक्कातक्का असे म्हणतात आणि त्या गायकांची कामंही वरच्या पट्टीतलं रक्कातक्का, खालच्या पट्टीतलं रक्कातक्का अशीच सांगितली जातात. हसू येतं ना? पण जिभेकडे लक्ष द्या. र आणि त जिभेच्या टोकाने, क मागच्या भागाने. टोक, मागे, टोक, मागे, एकाने काम केलं की दुसरा तयार, म्हणून वेग वाढवता येतो. नुसतं ‘ततततत’ म्हणून बघा, लगेच जीभ अडखळते. ट्रम्पेटवाले वेगात फुंकताना जीभ ‘ताका ताका’ अशीच चालवतात, आणि आपले तालाचे बोल, तकिट, तकधिमि, हे पण याच युक्तीवर उभे आहेत. कोणी कोणाचं उचललेलं नाही, तोंडाची रचना सगळ्यांची एकच आहे.

फरक एवढाच की आपल्याकडे पढंतीला मान आहे, तबलजी आधी बोल म्हणून दाखवतो मग वाजवतो आणि दोन्हीला दाद मिळते. तिकडे मेटलवाल्यांना तोंडाने रिफ म्हणणं सुरुवातीला चेष्टाच वाटते.

क्रियापद कोणतं वापरायचं असं शेवटी विचारलं होतं, ‘गिटार गातात’ की ‘तोंडाने गिटार वाजवतात’. मी तिसरंच सुचवेन. आपण गाणं म्हणतो, बोल म्हणतो, तसं हे लोक गिटार म्हणतात.