कागदावर कुठे आहे?

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि आज सकाळी पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचताना गळा दाटून आला, दुसऱ्यांदा राग आला. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

तू त्या लोकप्रतिनिधींना पंचवीस मिनिटं भेटलीस. भावाला वर्गात अपस्माराची फिट आली तेव्हा शिक्षक दारापर्यंत मागे सरकले, कुणीतरी त्याच्या तोंडात पट्टी घातली, त्यात दात तुटला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेने ‘काही दिवस घरीच ठेवा’ म्हणून सांगितलं, हे सगळं तू त्यांना सांगितलंस. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ‘लक्ष घालतो’ म्हणाले. त्याला आता दोन महिने झाले. आणि तू मला विचारतेस की गोष्ट आणखी परिणामकारक कशी सांगायची, की हे सोडून पुन्हा गोळ्या वाटायच्या कामालाच लागायचं.

गोष्टीत काही कमी नव्हतं. ऐकणारा रडला, याहून जास्त गोष्टीने काय करायचं? पण तुझ्याच पत्रात तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, तू ते घाईने ओलांडून गेली आहेस. त्यांनी विचारलं, ‘मी नेमकं काय करू?’ आणि तू म्हणालीस, ‘जनजागृती व्हायला हवी, निधी वाढायला हवा.’

भेट तिथेच संपली. जनजागृती कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमात घालायची? निधी कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कुठल्या नोंदीखाली वाढवायचा, कशासाठी, कुणाच्या सहीने? तू गेल्यावर त्यांच्या स्वीय सहायकाने वहीत काय लिहिलं असेल याचा विचार कर. ‘अपस्मार, भेट झाली’, एवढंच. ज्या मागणीला कागदावर जागा नाही ती भल्या माणसाच्या हातूनही हरवते.

हे मी शहाणपणाने बोलत नाही. माझ्या हातून हेच झालं आहे.

आमच्यासाठी एक सदस्य सभागृहात बोलले होते. मी प्रेक्षक सज्जात बसले होते. इतकं सुंदर बोलले की दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. जगात पाच कोटी माणसांना अपस्मार आहे, योग्य औषध मिळालं तर त्यातल्या जवळजवळ ७० टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात, हे आकडे मीच त्यांना दिले होते. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या वर्तमानपत्रांतली कात्रणं मी कापून ठेवली. अर्थसंकल्प आला, त्यात आमच्यासाठी एक अक्षरही नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली की वातावरण तर तयार झालं.

त्याच वर्षी सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या. माझ्या धाकट्या भावाला चार वर्षं एकही फिट आली नव्हती. त्याने गोळ्या पुरवून पुरवून घेतल्या, मला सांगितलं नाही, आणि मग त्याही संपल्या. औषध एकदम थांबलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे. त्या रात्रीची फिट थांबली नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेलेली फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, औषध द्यावंच लागतं. ते मिळेपर्यंत खूप वेळ गेला होता. तो वाचला. पण मुद्रितशोधनाचं त्याचं काम पुन्हा त्याला जमलं नाही, ओळ वाचता वाचता हरवायची. कात्रणांची फाइल तेव्हा माझ्याच खणात होती.

गोळ्या का संपल्या हे शोधायला मला पुढचं वर्षभर लागलं. खरेदीचा अंदाज मागच्या वर्षी किती गोळ्या वाटल्या गेल्या त्यावरून करत होते. मागच्या वर्षी तीन महिने साठाच नव्हता. नसलेल्या गोळ्या वाटल्या जाणार कशा? म्हणजे खप कमी दिसला, म्हणून यंदा खरेदी कमी, म्हणून यंदा साठा आणखी लवकर संपला. कुणीही दुष्ट नव्हतं. एक तक्ता चुकीचा होता आणि तो दर वर्षी स्वतःलाच खरा ठरवत होता. त्यात फेनोबार्बिटालसारखं अपस्माराचं औषध, १९१२ पासून वापरात असलेलं आणि अतिशय स्वस्त, ते १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित औषधांत मोडतं. आयातीचे परवाने, वेगळ्या नोंदी, आणि त्यातला एक कागद अडला की मागची सगळी साखळी थांबते.

हे कळल्यावर मी पहिल्यांदा नीट मागणी लिहिली. खरेदीचा अंदाज खपावरून न करता नोंदणी झालेल्या रुग्णांच्या संख्येवरून करावा आणि तीन महिन्यांचा राखीव साठा ठेवावा. दीड वाक्य. आधीच्या माझ्या साऱ्या भाषणांनी जे झालं नाही ते त्या दीड वाक्याने झालं, कारण ते कुठे चिकटवायचं हे वाचणाऱ्याला दिसत होतं.

म्हणून तुला विचारत राहते. कागदावर कुठे आहे? तुला कंटाळा येईल इतक्या वेळा विचारीन.

आता तुझ्या भावाचं घे. शिक्षक मागे का सरकले? तू लिहितेस, अंधश्रद्धा. असेलही थोडी. पण त्यांना भीती कशाची होती ते कुणी विचारलं का? आपण काही केलं आणि मुलाला काही झालं तर गुन्हा आपल्यावर येईल, ही भीती फार मोठी असते आणि ती अज्ञानातून आलेली नसते. त्यांना वाचवणारा एक शब्दही कुठल्या नियमात नसेल, तर भिंतीवर दहा फलक लावून काय होणार? फलक सांगतो कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. फार चांगलं. आणि घड्याळात पाच मिनिटं झाली की पुढे? गालाच्या आत सोडायचं किंवा नाकात फवारायचं, फिट थांबवणारं मिडाझोलाम असतं, घरची माणसं ते शिकून देतात. शिक्षकाने द्यायचं तर त्याला अधिकार कुणी दिला? ‘पालकांनी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेनुसार, प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्याने सद्भावनेने तातडीचं औषध दिल्यास त्याच्यावर कारवाई होणार नाही.’ ही झाली ओळ. ती शाळांच्या नियमात बसते. आणि प्रशिक्षणाचा खर्च आधीपासून असलेल्या शालेय आरोग्याच्या तरतुदीत बसतो, त्याला नवं लेखाशीर्षही लागत नाही. हे त्या भल्या माणसाच्या हातात दिलं असतंस तर त्यांनी ते दुसऱ्या दिवशी संबंधित खात्याकडे पाठवलं असतं. नसतं पाठवलं तर तुला त्यांना विचारता आलं असतं. आता काय विचारशील? ‘लक्ष घातलंत का?’

ओळ घालता येते तशी काढताही येते, हे विसरू नकोस. भारतातल्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्मार लिहिलेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख गाळला. ब्रिटनमध्ये अपस्माराच्या कारणावरून लग्न रद्द ठरवण्याची मुभा १९७१ पर्यंत होती. लोकांची मनं बदलल्यावर कायदा बदलेल अशी वाट बघत बसले असते तर ते शब्द अजून तिथेच असते. मनं अजूनही पुरती बदललेली नाहीत, पण कायद्याचा आधार घेऊन कुणाला आता बायकोला बाहेर काढता येत नाही.

आणि नवं काही मागतेस असंही समजू नकोस. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, अपस्मार आणि इतर मज्जाविकारांसाठी २०२२ ते २०३१ चा कृती आराखडा मंजूर केला आहे. अपस्माराच्या सेवांची व्याप्ती २०२१ च्या तुलनेत ५० टक्क्यांनी वाढवायची आणि ८० टक्के देशांनी या रुग्णांच्या हक्कांसाठी कायदे करायचे किंवा सुधारायचे, असं त्यात २०३१ चं उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. सदस्य देशांनी हे मान्य केलेलं आहे. मान खाली घालून जाऊ नकोस. त्यांनीच कबूल केलेल्या गोष्टीचा हिशेब घेऊन जा.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण तू पुढच्या भेटीला भावाला सोबत नेण्याबद्दल लिहिलं आहेस, म्हणून सांगते. मी एका मुलीला समितीपुढे उभं केलं होतं. हुशार, बोलकी, नुकती नोकरीला लागलेली. ती हो म्हणाली, कारण मला नाही म्हणणं तिला अवघड होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तिने कामावर जाताना आलेल्या फिटबद्दल सगळं सांगितलं, अगदी कपडे ओले झाले तेही. सदस्य हळहळले. ते इतिवृत्तात गेलं, मग बाहेर गेलं, आणि महिन्याभरात तिला कामावरून कमी केलं, कारण दुसरंच दाखवलं. त्या दिवशी समितीपुढे ठेवायला माझ्याकडे लेखी मागणी नव्हती. मी तिचं आयुष्य टेबलावर ठेवलं आणि त्याच्या बदल्यात काय हवं आहे ते लिहूनही आणलं नव्हतं. तिने मला कधी दोष दिला नाही. तिच्यासमोर जायला मला अजून धीर होत नाही.

तुझा भाऊ चौदा वर्षांचा आहे. त्याला विचारलंस का? आईला नव्हे, त्याला. त्याचं नाव, त्याचा तुटलेला दात, वर्गातला तो दिवस, हे त्याचं आहे. तो हो म्हणाला तरी एक आठवडा थांबून पुन्हा विचार.

बाकी रीतीच्या गोष्टी तुला येतात. एकच पान. निवेदनाची पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. आणि सहायकाला मान दे, मसुदा तोच करतो. वेळ मात्र सांभाळ. अर्थसंकल्पाच्या भाषणाआधीच्या आठवड्यात धावून उपयोग नसतो, खात्यांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी महिने आधी गेलेले असतात. तेव्हा कुणाला भेटायचं तर ज्याचं नाव कुठेच छापून येत नाही त्या अधिकाऱ्याला.

तू विचारलेलं नाहीस, पण दुसऱ्यांकडून ऐकशील, म्हणून आता ते. त्या दीड वाक्याच्या मसुद्यात सुरुवातीला आणखी दोन मागण्या होत्या: मेंदूच्या विद्युत आलेखाची (ईईजी) सोय आणि शस्त्रक्रियेची केंद्रं. साधारण एकतृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी आटोक्यात येत नाहीत. त्या मागण्या त्यांच्यासाठी होत्या. बैठकीत मला सांगितलं गेलं की गोळ्यांचं आज होईल, बाकीचं ठेवलंत तर सगळंच पुढच्या वर्षावर जाईल. मी त्या दोन्ही मागण्या खोडल्या. माझ्यासोबत बारा वर्षं काम केलेला एक माणूस तिथूनच उठून गेला. त्याच्या मुलीला कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. ‘तू आमच्या पोरांना सोडून सही केलीस,’ एवढंच तो बोलला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या दिवशी गोळ्या हातच्या जाऊ दिल्या असत्या तर पुढच्या वर्षी आणखी किती घरांत माझ्या भावाची ती रात्र झाली असती, हेही कुणीतरी मोजायला हवं. मी मोजलं. वरचे अधिकारी बदलले, मंत्री बदलले, राखीव साठ्याची ती ओळ अजून आहे. नुसतं आश्वासन असतं तर पहिल्याच बदलीबरोबर गेलं असतं. मी आज पुन्हा त्या खोलीत असेन तर पुन्हा तेच खोडीन. हे मी त्याला तीन पत्रांत लिहिलं. उत्तर आलं नाही. शस्त्रक्रियेच्या केंद्रांचा मसुदा त्यानंतर मी दर वर्षी देत आले आहे, त्याच्या मुलीसाठी, आणि हो, स्वतःसाठीही.

तर सोडायचं की नाही. गोळ्या वाटण्याचं काम कमी प्रतीचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. शनिवारी तू ते करतेस ते करत राहा, उलट खरी माहिती तिथेच मिळते. कोणत्या दवाखान्यात कोणती गोळी कुठल्या तारखेपासून नाही, हे एका वहीत लिहायला लाग. सहा महिन्यांनी ती वही कुठल्याही भाषणापेक्षा जड होईल. पण गोळ्या वाटून त्या लोकप्रतिनिधींपासून सुटका करून घेणार असशील तर मला ते मान्य नाही. ते रडले होते. अशी माणसं फार भेटत नाहीत.

शाळेच्या नियमाचा मसुदा या रविवारपर्यंत पाठव. भावाचं नाव अजून घालू नकोस. कोणत्या नियमात, कोणत्या पोटकलमानंतर ती ओळ बसते ते वरच्या कोपऱ्यात लिही, मी तिथूनच वाचायला सुरुवात करीन. आणि त्याला आता शाळेत पाठवता आहात की नाही, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. ते आधी कळव.