आधी एक पिकोअँपिअर मोजून दाखव

प्रश्न : मी कोल्हापुरात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. अणुवीज केंद्रांसाठी देखरेखीची नवी उपकरणं तयार करायची इच्छा आहे. बाबा म्हणतात, आधी एआयचा कोर्स कर. काय करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : कोर्स कुठे पळून जात नाही, तो नंतर कर. या कामात घोडं अडतं ते सिग्नल हाती येतानाच. अणुभट्टीजवळच्या आयन चेंबरचा, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या वायूभरल्या नळीचा, प्रवाह पिकोअँपिअरपासून (अँपिअरचा एक लक्ष कोटीवा भाग) सुरू होतो आणि शक्ती वाढेल तसा लाखो पटींनी वाढतो. फिशन चेंबरमध्ये, म्हणजे न्यूट्रॉन टिपणाऱ्या नळीत, कमी शक्तीला एकेक पल्स मोजता येते. शक्ती वाढली की पल्स एकमेकींवर चढतात आणि मोजणी फसते. मग सिग्नलमधल्या चढउताराचा वर्ग करून त्याची सरासरी घेतात. ती न्यूट्रॉनच्या दराच्या प्रमाणात असते, आणि वर्ग केल्यामुळे गॅमा किरणांच्या बारक्या पल्स मागे पडतात. ही कॅम्पबेल पद्धत. एरवी आपण जो गोंगाट गाळून फेकतो, तोच इथे कामाला जुंपलाय!

घरी एवढं कर. ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणारी चिप) फीडबॅकला 1 गिगाओहमचा रेझिस्टर लाव, म्हणजे 1 पिकोअँपिअरला 1 मिलिव्होल्ट मिळेल. एलएम358 हा ऑपअँप नको, त्याचा बायस करंटच (इनपुट स्वतः ओढतं तो प्रवाह) नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे सिग्नलच्या हजारो पट, आउटपुट सप्लायला जाऊन चिकटेल. एलएमसी6482 घे. रेझिस्टरला समांतर 10 पिकोफॅरडचा कपॅसिटर लाव. ब्रेडबोर्ड टाळ, इनपुटची पिन वर वाकवून जोडणी हवेतच कर. सोल्डरिंगचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन काढ, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात बोर्डावरची गळतीच सिग्नलपेक्षा मोठी होईल. सर्किट पत्र्याच्या डब्यात ठेव आणि डबा ग्राउंड कर. तरी घरच्या विजेचे 50 हर्ट्झ डोकावतीलच. त्याचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणून सरासरी 20 मिलिसेकंदांच्या पटीत घे.

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत इंटर्नशिप मिळाली तर सोडू नकोस. इंडक्शन फर्नेसशेजारी थर्मोकपलचे (तापमान मोजणारी तारांची जोडी) मायक्रोव्होल्ट वाचायची शाळा दुसरीकडे मिळणार नाही. केबलचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलंस तर ग्राउंड लूप, म्हणजे शील्डमधून फिरणारा नको तो प्रवाह, कसा छळतो, तेही तिथेच कळेल.

या क्षेत्रात शिरण्यासाठी गेट ही अभियांत्रिकीची परीक्षा दे, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्स विषयात. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) ओसीईएस या प्रशिक्षण योजनेला पदवीत किमान 60 टक्के लागतात. अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी एनपीसीआयएलही गेटच्या गुणांवर मुलाखतीला बोलावते.

आणि खरंच काही नवं सुचलं तर प्रोजेक्ट प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज भर. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात.