'ड्रायव्हर टाकणे' : लेखी सूचनेत चालेल का?

वाळूजच्या एका कारखान्यात कॅडच्या वर्कस्टेशनांसाठी मराठी कार्यपुस्तिका तयार होते आहे. 'कर्नलमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका' असे त्यात लिहावे का, असा प्रश्न आहे. (कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम.)

बोलताना खुशाल म्हणावे. आपल्या मराठवाड्यात 'टाकणे' कशालाही चालते. लेखी सूचनेत मात्र नको. लिनक्सवर 'टाकला' म्हटल्याने नेमके काय केले ते कळत नाही, आणि पडदा काळा राहिला की शोधाशोध भलतीकडेच सुरू होते. इथे बांधणे, बसवणे आणि चढवणे ही कामे वेगवेगळी आहेत.

'मेक मेन्यूकॉन्फिग' या कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत, 'ग्राफिक्स सपोर्ट'मध्ये एएमडीजीपीयू या एएमडी कार्डांच्या ड्रायव्हरसमोर तारांकन (*) दिले, तर ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधला जातो. 'एम' दिला तर त्याचे वेगळे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला लागेल तेव्हा जोडायचा तुकडा, होते. कर्नल तयार झाल्यावर 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' दिले की ते डिस्कवर बसते. पण बसले म्हणजे चालू झाले असे नाही. मोंढ्यात पोती थप्पीला लागणे वेगळे आणि ट्रकात चढणे वेगळे. मॉड्यूल चालत्या कर्नलमध्ये चढवते ती 'मॉडप्रोब' ही आज्ञा.

पडताळ्यासाठी 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा द्यावी. 'कर्नल मॉड्यूल्स' या ओळीत त्या कार्डासाठी बसवलेली मॉड्यूले दिसतात, तर 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत कार्ड सध्या कोणाच्या ताब्यात आहे ते. ही दुसरी ओळच नसेल तर 'ड्रायव्हर बसलाय, पण कार्डाला लागला नाही' असे लिहावे. एनव्हिडियाच्या कार्डावर तिथे 'नूव्हो' हा लिनक्समधला मुक्त ड्रायव्हर दिसला, तर कंपनीचा ड्रायव्हर का चढेना ते लगेच उमगते : कार्ड आधीच नूव्होने धरलेले असते. त्याला ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप न चढवायच्या मॉड्यूलांच्या यादीत) घालून, इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना मेमरीत उघडणारा फाइलींचा छोटा संच) नव्याने बनवून मशीन पुन्हा सुरू करावे.

फर्मवेअरसाठी (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामसाठी) मला 'भरणे' हेच क्रियापद योग्य वाटते, कारण ड्रायव्हर ते खरोखरच कार्डात भरतो. एएमडीजीपीयू कर्नलमध्ये बांधला की नेमके इथेच अडते. ड्रायव्हर जागा होतो तेव्हा मुख्य डिस्क जोडलेली नसते, फर्मवेअरची फाइल सापडत नाही आणि 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदींत) -२ ही चूक येते. म्हणून 'एम'च ठेवावा. बांधायचाच असेल तर फर्मवेअर इनिटरॅमएफएसमध्ये घालावे, किंवा फाइलींची नावे 'एक्स्ट्रा_फर्मवेअर' या कर्नलच्या पर्यायात द्यावीत, म्हणजे त्या कर्नलमध्येच बांधल्या जातात. या दुसऱ्या वाटेने जाताना .झेडएसटी किंवा .एक्सझेड फाइली आधी उलगडून घ्याव्या लागतात. दाबलेल्या फाइली तिथे चालत नाहीत.