प्रार्थनेला बसलं की रागच येतो, मग विश्वास उरला का?

ताई, तुमचा मुलगा अपघातात गेला त्याला पाच महिने झाले. प्रार्थनेत रागाशिवाय काही सुचत नाही, उपासनेत गाणी सुरू झाली की जीव गुदमरतो, आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी 'घरात काही पाप असेल, शोधा' असं सुनावलं. आपला विश्वास संपला का, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या पापाचं बोलू. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं येशूनेच विचारलं आणि 'नाही' असं उत्तरही स्वतःच दिलं (लूक 13). पश्चात्तापाची हाक त्याने ऐकणाऱ्यांना दिली, मेलेल्यांकडे बोट दाखवलं नाही. पवित्र शास्त्रात सगळी मुलं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसले होते तोवर बरे होते! तोंड उघडून त्यांनी 'तुझंच पाप असेल' असं जे सांगितलं, त्यावर शेवटी देव संतापला. त्या गृहस्थांशी वाद घालू नका, पण त्यांचं म्हणणं मनावरही घेऊ नका.

आता राग. तो देवापुढे मांडायची रीत पवित्र शास्त्रातच आहे. स्तोत्र 13 उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर?' अशी तक्रार, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. दिवसातून एकदा, दहा मिनिटं, मोठ्याने वाचा. मग वहीत आपली तक्रार लिहा, मुलाचं नाव घेऊन. त्याखाली एकच मागणं, अगदी आजच्यापुरतं: 'आज रात्री झोप दे.' बहुतेकांचं इथेच चुकतं. ते तक्रार गिळून थेट पाचव्या वचनावर उडी मारतात आणि ते शब्द पोकळ वाटले की आपल्यालाच दोष देतात. भरवशाची ओळ येत नसेल तर कोरी सोडा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. (ते मात्र रात्री एकटीने वाचू नका.) शब्दच फुटले नाहीत तर नुसतं बसा, पवित्र आत्मा उच्चारता न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं रोमकरांस पत्र 8:26 मध्ये आहे.

'आशा आहे ना, मग रडता कशाला?' असंही कोणी म्हणेल. मेलेल्या मित्राला, लाजराला, पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानाची आहे. पाच महिन्यांत सावरायचं वचन कुणी दिलेलं नाही.

उपासनेला गाणी संपल्यावर जा, दाराजवळ बसा, पाळकांना आधीच सांगून ठेवा म्हणजे मधूनच उठलात तरी कोणी अडवणार नाही. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांपैकी एकीला नेमकं काम द्या: गुरुवारी संध्याकाळी येऊन तासभर बसायचं, उपदेश नाही. मुलाच्या वाढदिवसाचं आताच ठरवा. तो दिवस एकटीने काढायचा नाही.

आणि शरीर. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाशी बोलणं त्यानंतर झालं (1 राजे 19). आठवड्यांमागून आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगू नये असं वाटलं तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा, आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत कोणाला तरी न्या. प्रार्थना त्या वाटेवरही करता येते.