रात्री दोन चाळीसच्या पत्राचं उत्तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र रात्री दोन चाळीसला आलं आणि मी ते पहाटे साडेपाचला वाचलं. यावरून माझ्याविषयी लगेच मत करून घेऊ नकोस. साडेपाचची गोष्ट पुढे येते.

माणूस सकाळचा की रात्रीचा हे सांगणारी एक प्रश्नावली तू सोडवलीस, निकाल आला 'पक्का संध्याकाळचा'. मग कुठेतरी वाचलंस की सकाळची माणसं कर्तव्यदक्ष असतात आणि रात्रीची चंचल. आता पत्राच्या पहिल्या पानावर तू स्वतःला आळशी म्हणतोस आणि दुसऱ्या पानावर प्रतिभावान. दोन्ही एकाच पुराव्यावरून! ती प्रश्नावली मला चांगली ठाऊक आहे. हॉर्न आणि ऑस्टबर्ग या संशोधकांची, १९७६ सालची. १९ प्रश्न, १६ ते ८६ गुण, गुण जितके जास्त तितका माणूस सकाळचा. उठायला कधी आवडेल, झोप कधी येते, डोकं कोणत्या वेळी चालतं, असलंच सगळं विचारतात. कबूल केलेलं काम कबूल केलेल्या वेळी देतोस का, हे त्यात कुठेही नाही. मला तुझ्याकडून तेवढंच हवंय.

स्वभावाशी संबंध मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मुख्य पैलू मानसशास्त्रात मोजतात, त्यांपैकी कर्तव्यदक्षता आणि सकाळचेपणा यांचा मेळ पुन्हा पुन्हा दिसलाय. पण किती? सहसंबंध साधारण ०.३, पूर्ण मेळ असता तर तो १ असता. तू संख्याशास्त्र शिकतोस, त्या आकड्याचा वर्ग कर. माणसामाणसांतल्या फरकातला जेमतेम ९ टक्के भाग. एवढ्याशा धाग्यावर तू स्वतःचं अख्खं चारित्र्य टांगलंस. नावीन्याची ओढ आणि रात्रीचा कल यांचंही नातं सापडतं, पण तुझं ते 'प्रतिभावान'चं पान पेलेल एवढं ते नक्कीच नाही. शिवाय एक शंका मला कायम येते. ज्याला लहानपणापासून रोज सकाळी 'ऊठ रे आळश्या' ऐकावं लागलं, तो 'तुम्ही नेटके आहात का?' या प्रश्नावर कुठली खूण करणार?

शरीराचं म्हणशील तर ते तुझ्या हातात फारसं नाहीच. मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो दिवस मोजतो. बाहेरच्या उजेडाचा हात सोडला तर माणसाचा हा दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा भरतो, असं १९९९ मध्ये मोजलं गेलं. कुणाचा थोडा लांब, कुणाचा आखूड. २०१९ मध्ये जवळपास सात लाख लोकांची जनुकं तपासली, तेव्हा सकाळचेपणाशी जोडलेल्या ३५१ जागा सापडल्या. यातली कुठली जागा तू स्वतः निवडलीस ते सांग, म्हणजे मग मी तुला आळशी म्हणेन.

आणि वय! ते तर तू जमेसच धरलेलं नाहीस. झोपेचे अभ्यासक रॉनेबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की किशोरवयात झोपेची वेळ पुढे पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास सर्वांत उशिरावर पोचते आणि तिथून हळूहळू मागे येऊ लागते. तू एकवीस वर्षांचा आहेस. ज्याला तू व्यक्तिमत्त्व म्हणतोयस, त्यातलं बरंच नुसतं वय आहे.

आता साडेपाचची गोष्ट. चाळिशीपर्यंत मी पहाट पाहिली ती बहुतेक झोपायला जाताना. आता चौसष्टाव्या वर्षी गजराशिवाय जाग येते, आणि लोक म्हणतात, काय शिस्त आहे बाईंची! शिस्त कसली डोंबलाची. म्हातारी झालेय. काहीही न करता मिळालेलं हे कौतुक मला अजून पचत नाही, कारण जेव्हा खरंच राबत होते तेव्हा वाट्याला शेरेच आले.

पण त्या काळातलं मी तुला आजवर अर्धंच सांगितलंय. अनुवादाच्या कामावर होते तेव्हाची गोष्ट. आधी दोन वर्षं पाचचा गजर लावून पाहिला. उठायचे, आणि दहापर्यंत एकच परिच्छेद परत परत वाचत बसायचे. मग तो नाद सोडला आणि उलट टोक गाठलं. 'मी रात्रीची आहे' हे पदकासारखं मिरवायला लागले. माझ्या पानांची जुळणी करणारी सहकारी सकाळी सातला येऊन बसायची. माझी पानं यायची अकराला. तीनपर्यंत जागून केलंय, असं मी वर अभिमानाने सांगायचे. चार तास ती रिकाम्या टेबलाशी बसायची आणि उशिराचं बोलणं तीच खायची. माझं नाव तिने एकदाही घेतलं नाही. पुढे ती नोकरी सोडून गेली. का, ते मी विचारलं नाही.

माझ्या पानांत नंतर खाडाखोड करावी लागत नसे, हेही खरं आहे. आणि सातचीच वेळ का, हा प्रश्न तिथे कुणाला कधी पडला नाही, हेही... बघ, अजूनही मी स्वतःची वकिली करतेच आहे. साधी गोष्ट आहे: ती पानं मला रात्री तीनलाच पाठवता आली असती. रात्र माझीच होती, कुणी हिरावून घेतली नव्हती. चूक उशिरा उठण्यात नव्हती, उशिरा देण्यात होती. हे दोन शब्द वेगळे करायला मला पंधरा वर्षं लागली. तू ते या आठवड्यात कर.

सकाळची माणसं जात्याच सज्जन, असं कुणी सांगितलं तर त्याला २०१४ चा एक अभ्यास सांग. त्यात सकाळच्या माणसांनी रात्री जास्त लबाडी केली आणि रात्रीच्यांनी सकाळी. दमलेल्या वेळी कुणाचंच मन फार ताठ राहत नाही. म्हणून कुणाला काही कबूल करायचं असेल तर ते तुझ्या चांगल्या तासांत कर. सकाळी आठला, झोपेत, 'हो हो, देतो' म्हणू नकोस. तू तसंच करतोस, मला माहीत आहे.

घड्याळ थोडं अलीकडे आणायचं असेल तर गजरापेक्षा उजेडाकडे बघ. २०१३ च्या एका प्रयोगात आठ जण आठवडाभर तंबूत राहिले, विजेचा दिवा नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. त्यांची शरीरं जवळपास दोन तास आधी रात्र मानायला लागली, आणि जास्त सरकली ती रात्रीची माणसं. तुला तंबू ठोकायला सांगत नाही. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर जा, रात्री दिवे मंद कर, एवढं पुरे. आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपून सोमवारी सातला उठणं थांबव. त्याला 'सामाजिक जेटलॅग' म्हणतात. कुठेही न जाता दर आठवड्याला परदेशी जाऊन आल्यासारखं शरीर आंबतं.

पण हे सगळं दुय्यम. तू जन्मभर रात्रीचा राहिलास तरी माझी काही तक्रार नाही. पुन्हा सांगते, कारण तुझ्या चार पानी पत्रात मला खरी टोचली ती एकच ओळ, तीही तू कंसात लिहिलेली: तुझ्या गटातली ती मुलगी मंगळवारपासून तुझ्या भागासाठी थांबली आहे. चार पानं स्वतःच्या स्वभावावर आणि तिच्यासाठी एक कंस!

तिला आज रात्री पाठव. दोन चाळीसला पाठवलास तरी चालेल. ती उठेल तेव्हा तिच्याकडे असेल. मला नंतर लिही.

तुझी,
मावशी